हातातल्या पुस्तकाचा पत्ता

पोरी, तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचून झालं. मजकूर चांगला आहे. दोन-तीन ठिकाणी तर माझ्यापेक्षा तुला जी.ए. कुलकर्णी जास्त कळलेत असं वाटलं, आणि हे मी सहजासहजी म्हणत नाही. पण तळटिपांपाशी आले आणि घाम फुटला. एकीकडे 'कुलकर्णी १९७२', तीन पानांनी नुसतं 'कुलकर्णी', पुढे 'काजळमाया, नवी आवृत्ती', आणि शेवटच्या सूचीत संग्रहाचं नाव नि प्रकाशक. कथा कोणती, ते कुठेच नाही. 'विदूषक'वर तू अकरा पानं लिहिली आहेस, पण 'विदूषक' ही कथा आहे, संग्रहात आहे, अमुक पानापासून अमुक पानापर्यंत आहे, हे तुझ्या सूचीवरून कुणाला कळणार नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि पाच मिनिटांनी विसरतेस. म्हणून लिहून देते आहे. वहीत चिकटव.

कादंबरीचा संदर्भ देणं म्हणजे बंगल्याचा पत्ता देणं. नाव, गल्ली, गाव, संपलं. कथासंग्रह ही चाळ आहे. चाळीचं नाव सांगून पाहुणा पोचत नाही, त्याला मजला आणि खोली लागते. आणि वर आणखी एक भानगड: खोलीतला भाडेकरू बहुतेक वेळा आधी दुसरीकडे राहून आलेला असतो. आपल्याकडची कथा आधी मासिकात किंवा दिवाळी अंकात छापली जाते, मग संग्रहात येते, मग एखाद्या निवडक कथांच्या पुस्तकात जाते, मग अभ्यासक्रमाच्या पुस्तकात, मग इंग्रजी अनुवादात. पाच पत्ते, पाच वर्षं, पाच वेगळे पृष्ठक्रमांक. तू त्यातला कोणता देणार? तू जो वाचलास तो. हातात धरलेल्या पुस्तकाचाच पत्ता द्यायचा. बाकीचे चार माहीत असले तर सांगावेत, पण पानाचा आकडा हातातल्या पुस्तकाचाच.

हे मी शिकले ते फजिती होऊन. माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. अर्धा तास गोड बोलले. मग पिशवीतून संग्रह काढला, माझा प्रबंध उघडला आणि म्हणाले, "बाई, हे तुमचं अवतरण मला या पानावर दाखवा." पान उघडलं तर तिथे दुसरीच कथा चाललेली. झालं होतं असं, की टिपणं मी काढली होती मैत्रिणीच्या पहिल्या आवृत्तीवरून, आणि सूची केली होती कॉलेजच्या ग्रंथालयातल्या नंतरच्या प्रतीवरून. अवतरण खरं, पान खरं, पुस्तक खरं, आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अवतरण तुम्ही वाचलंय हे मला पटलं, पण तुमच्या मागून येणाऱ्याला पटणार नाही." पदवी मिळाली, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हापासून मी टिपण काढायच्या आधी मुद्रणपान उतरवून घेते. आधी. नंतर नाही. तू आता मोबाइलनं फोटो काढतेस, तर कथेच्या पानाचा काढण्याआधी शीर्षकपान, त्याच्या पाठचं मुद्रणपान आणि अनुक्रमणिका या तिघांचा काढ. एवढं केलंस तर माझ्या निम्म्या गोष्टी वाचल्या नाहीस तरी चालेल.

मुद्रणपान कसं वाचायचं तेही सांगते, कारण मराठी पुस्तकांचं मुद्रणपान हे स्वतंत्र वाङ्मय आहे. तिथे 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' असे दोन शब्द असतात. आवृत्ती म्हणजे मजकुराला किंवा जुळणीला हात लागला असण्याची शक्यता. पुनर्मुद्रण म्हणजे तेच परत छापलं. आपले प्रकाशक हे दोन शब्द कधीकधी सैल हातानं वापरतात, म्हणून दोन्ही टिपून ठेव. संगणकावर नवी जुळणी झाली असली तर पानं हमखास सरकतात, मग वर काही का लिहिलेलं असेना. मराठीत आपण सूचीत 'प. आ.' म्हणून पहिल्या आवृत्तीचं साल देतो आणि पुढे आपण वापरलेल्या प्रतीचं. ही पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे, ती सोडू नकोस. पहिल्या सालावरून वाचकाला संग्रह कोणत्या काळातला ते कळतं आणि दुसऱ्यावरून पान सापडतं.

साल ही किरकोळ गोष्ट आहे असं वाटत असेल तर तुझ्याच जी.एं.चं आठव. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, आणि मग पुस्तक नेमकं कधी प्रसिद्ध झालं यावरून वाद उठला. जी.एं.नी पुरस्कार परत केला. तू ज्या पुस्तकावर प्रबंध लिहिते आहेस त्याचं प्रकाशनवर्ष हा एकेकाळी महाराष्ट्रभर चर्चेचा विषय होता, आणि तुझ्या सूचीत ते एका ठिकाणी आहे, एका ठिकाणी नाही! बाहेरचा परीक्षक जी.एं.चा वाचक निघाला तर पहिला प्रश्न तोच येईल.

जुन्या पुस्तकांत साल शके पद्धतीत असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शके वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवायचे. शके १८४९ ची दिवाळी म्हणजे १९२७, पण शके १८४९ चा माघ म्हणजे १९२८. पौष तर दोन्ही दगडांवर पाय ठेवून असतो, तेव्हा तिथीच पाहावी लागते. महिना दिला नसेल तर ७८ मिळवून गप्प बसावं, आणि मूळ शकही सोबत लिहावा, म्हणजे हिशोब चुकला तरी कुणाला तरी दुरुस्त करता येईल. पुस्तकावर साल मुळीच नसेल तर अंदाजानं ठोकून देऊ नकोस. शंकर गणेश दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' काढ. पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. आपल्या विभागातल्या नव्या मुलांना ती 'दाते सूची' या नावानं ऐकून माहीत असते, उघडून पाहिलेली नसते. जाड आहे, धूळ आहे, शिंका येतात. पण तो माणूस गावोगाव हिंडून पुस्तकं हातात घेऊन नोंदी करत होता, हे लक्षात ठेवून उघड.

आता मासिकांकडे येते. एखादी कथा आधी 'सत्यकथे'त आली असेल आणि तू संग्रहातून वाचली असशील, तर संदर्भ संग्रहाचाच. 'सत्यकथे'तलं प्रथम प्रकाशन तळटिपेत एका वाक्यात सांगावं. उलट तुझा मुद्दाच काळाचा असेल, म्हणजे नवकथा कधी कशी बदलली असं काही म्हणायचं असेल, तर संग्रहाचं साल तुला दगा देईल. १९४८ ची कथा १९५४ च्या संग्रहात असू शकते, आणि मग तू तिच्यावर १९५४ चा प्रभाव दाखवत बसशील. तेव्हा मूळ अंक शोधायचा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, पुण्याच्या नगर वाचन मंदिरात जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिराती कापून टाकायची खोड होती, त्यामुळे अंकाचा महिना कधीकधी मुखपृष्ठाबरोबरच जातो. आतल्या पानांच्या माथ्यावर किंवा संपादकीयाच्या तळाशी पाहा. दिवाळी अंकाला 'दिवाळी १९६१' एवढं पुरतं, त्याला महिना चिकटवू नकोस; दिवाळी काही दर वर्षी एकाच महिन्यात येत नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं माहेर हेच आहे, आणि परदेशी शैलीपुस्तकांत या माहेराला कप्पा नाही. तू त्याला नियतकालिकाचा विशेष अंक म्हणून नोंदव आणि 'दिवाळी अंक' हे शब्द तसेच ठेव. वार्षिकांक बिर्षिकांक करू नकोस.

अंक आणि संग्रह शेजारी ठेवून वाचलेस तर गंमत दिसेल. लेखक मधल्या काळात वाक्यं बदलतात, शेवट बदलतात, कधी शीर्षकही. आणि लेखकानं काही केलं नाही तरी शुद्धलेखन बदलतं. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले आणि 'कांहीं', 'नाहीं', 'नांव' यांच्या डोक्यावरचे ठिपके उडाले. त्याआधीच्या आवृत्तीतून अवतरण घेतलंस तर ते ठिपके ठेवायचे, नंतरच्या आवृत्तीतून घेतलंस तर घालायचे नाहीत. तुझ्या प्रकरणात दिवाकर कृष्णांचं अवतरण आहे, त्यात एकाच वाक्यात 'कांहीं' आणि 'नाही' दोन्ही आहेत. हे पुस्तकात असणं अवघड आहे, तुझ्या टंकलेखनात असणं सोपं. परत ताडून पाहा. बाबुराव बागुलांच्या किंवा शंकर पाटलांच्या संवादातली बोली तर 'सुधारायची' नाहीच. एका मुलानं माझ्याकडे प्रकरण दिलं होतं, त्यात 'न्हाई'चं सगळीकडे 'नाही' झालेलं. मी विचारलं तर म्हणाला, संगणकानं केलं. संगणकाला नोकरीवर कोणी ठेवला होता?

दिवाकर कृष्णांवरून नावांचं आठवलं. तू त्यांना सूचीत 'कृष्ण, दिवाकर' असं बसवलं आहेस. कृष्ण हे वडिलांचं नाव, आडनाव केळकर. ते लिहीत दिवाकर कृष्ण या नावानं, म्हणून नोंद 'दिवाकर कृष्ण' अशीच, 'द'खाली. 'समाधी व इतर सहा गोष्टी' हे त्यांच्या संग्रहाचं पूर्ण नाव आहे. त्यातलं 'व इतर सहा गोष्टी' कापून नुसतं 'समाधी' लिहिलंस की ते कथेचं नाव होतं. 'विभावरी शिरूरकर' हे टोपणनाव आहे, 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये त्याच नावानं आला, आणि त्या नावामागे कोण हे लोकांना माहीत नसणं हाच त्या पुस्तकाच्या गाजण्याचा भाग होता. म्हणून नोंद शिरूरकरांच्या नावानं, आणि चौकोनी कंसात मालती बेडेकर. याच्या उलट गंमत के. ज. पुरोहितांची: समीक्षा पुरोहित या नावानं, कथा 'शांताराम' या नावानं. एकाच सूचीत दोन्ही येणार असतील तर दोन ठिकाणी नोंदी करून एकमेकींकडे बोट दाखव. सानिया या एकाच नावानं लिहितात, त्यांना आडनाव लावायला जाऊ नकोस. 'जी. ए.' या दोन अक्षरांपुढे टिंब आहे, मध्ये जागा आहे. एका पानावर 'जी.ए.', दुसऱ्यावर 'जीए', तिसऱ्यावर 'जी ए' असं केलंस की यंत्राला तीन लेखक दिसतात. मजकुरात तू लाडानं काहीही म्हण, सूचीत एकच रूप ठेव.

शीर्षककथेचा सापळाही आहेच. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाला (१९६३) त्यातल्याच कथेचं नाव आहे. 'मरण स्वस्त होत आहे'चंही (१९६९) तसंच. आता तू वाक्यात नुसतं नाव लिहिलंस तर वाचकाला कळायला नको का, की खोलीबद्दल बोलते आहेस की चाळीबद्दल? इंग्रजी छापण्यात पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात आणि कथेचं दुहेरी अवतरणात, म्हणून तिथे निभतं. देवनागरीला तिरपी अक्षरं शोभत नाहीत; मुळात ती आपल्या छपाईच्या परंपरेतलीच नाहीत, अक्षर ढकलल्यासारखं दिसतं. मी संग्रहाचं नाव ठळक करते आणि कथेचं एकेरी अवतरणात. तुझ्या विद्यापीठाचा नियम वेगळा असला तर तो पाळ, पण दोघांना एकच पोशाख घालू नकोस. आणि सारख्या नावाच्या दोन वेगळ्या लेखकांच्या गोष्टींपासून जप. 'ऑर्फियस' ही 'पिंगळावेळ'मधली जी.एं.ची कथा, आणि 'ऑर्फियस' हाच दिलीप चित्र्यांचा कथासंग्रह.

तू प्रबंध मराठीत लिहिते आहेस, पण निबंध इंग्रजी नियतकालिकाला पाठवणार आहेस, म्हणून शैलीपुस्तकांबद्दल थोडं. तिथे तीन घराणी आहेत आणि कथासंग्रहाच्या बाबतीत त्यांचे सूर खरोखर वेगळे लागतात. साहित्यवाल्यांचं एमएलए कथेला स्वतंत्र नोंद देतं: आडनाव, नाव, कथेचं शीर्षक, संग्रहाचं शीर्षक, प्रकाशक, साल, पृष्ठं पासून-पर्यंत. २०१६ च्या आठव्या आवृत्तीपासून ते संग्रहाला जे म्हणतात त्याचा सरळ मराठी अर्थ 'डबा'. खाऊ आत, डबा बाहेर. संग्रह पुन्हा एखाद्या डिजिटल ग्रंथालयात वाचलास तर डब्यावर आणखी एक डबा. मला ही कल्पना आवडते, कारण ती मराठी कथेला नेमकी लागू पडते. मानसशास्त्रवाल्यांचं एपीए मात्र म्हणतं, पुस्तक एकाच लेखकाचं असेल तर आतल्या भागाची वेगळी नोंद यादीत करू नका. पुस्तकाची करा आणि भाग कोणता ते मजकुरात सांगा. म्हणजे एपीएत 'काजळमाया'ची एकच नोंद, आणि 'विदूषक' हे नाव तुझ्या वाक्यात आलंच पाहिजे, नाहीतर खोली हरवली. संपादित संग्रहात वेगवेगळे लेखक असतील तर मात्र तिथेही कथेची नोंद स्वतंत्र होते. शिकागोवाले तळटिपांचे शौकीन, आपल्या जुन्या पद्धतीच्या सगळ्यात जवळचे. पण आपलं 'तत्रैव' ज्याचं भाषांतर आहे तो लॅटिन शब्द त्यांनीच सतराव्या आवृत्तीपासून नकोसा ठरवला आणि त्याऐवजी लेखकाचं आडनाव नि छोटं शीर्षक लिहायला सांगितलं. मला ते पटतं. मराठी प्रबंधात 'तत्रैव, पृ. ५१' असं ओळीनं लिहिलेलं असतं आणि मध्ये एक नवी तळटीप घुसवली की खालचे सगळे 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतात. 'उ. नि.'चंही (म्हणजे 'वर निर्देश केलेलं पुस्तक') तेच. शेवटचा खर्डा होईपर्यंत हे दोन शब्द वापरूच नकोस, पूर्ण नाव लिही.

प्रकाशनस्थळ आता एमएलए, एपीए नि शिकागोची नवी आवृत्ती, तिघंही मागत नाहीत. मराठी सूचीत मी ते ठेवते. पुणे, मुंबई, कोल्हापूर, औरंगाबाद, यांतून मराठी प्रकाशनाचा नकाशा दिसतो. ज्यांना नको ते वगळतील.

कथेची नोंद वेगळी करायची की संग्रहाची एकच, हे मराठीत तुझं तू ठरवायचं आहे, आणि त्याला माझी साधी कसोटी आहे. पूर्ण संग्रहावर बोलते आहेस, सात-आठ कथा हिंडून येणार आहेस, तर सूचीत संग्रह एकदा आणि मजकुरात प्रत्येक वेळी कथेचं नाव नि पान. एकाच कथेवर निबंध आहे, तर कथेची नोंद. 'रमलखुणा'सारखं पुस्तक आडवं येतं: त्यात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा. मी तिथे कथांच्याच नोंदी केल्या असत्या. एखादं निवडक कथांचं जाडजूड संपादित बाड घेऊन तू दहा लेखकांवर बोलणार असशील, तर बाडाची पूर्ण नोंद एकदा कर आणि दहा कथांच्या छोट्या नोंदींत नुसतं संपादकाचं आडनाव नि पृष्ठं दे. एमएलएत ही सोय अधिकृतच आहे, आणि त्यानं सूचीची चार पानं वाचतात. फक्त संपादकाला लेखक करू नकोस. अर्जुन डांगळ्यांनी संपादित केलेल्या 'पॉयझन्ड ब्रेड'मधली (१९९२) प्रत्येक गोष्ट 'डांगळे' या नावावर टाकलेले निबंध मी पाहिले आहेत. मूळ लेखक जाऊन तिथे संपादक बसतो, आणि दलित साहित्याच्या बाबतीत हे व्हावं याचं मला विशेष वाईट वाटतं.

अनुवादाचंही तसंच. बागुलांचा संग्रह जेरी पिंटोंनी इंग्रजीत आणला, २०१८ साली. इंग्रजी निबंधात तू त्यातून वाक्य घेणार असशील तर ते वाक्य पिंटोंचंही आहे. अनुवादकाचं नाव हवंच. एपीएत दोन्ही सालं तिरक्या रेघेनं लिहितात, १९६३/२०१८, म्हणजे बागूल २०१८ मध्ये लिहीत होते असा समज होत नाही. आणि मराठीतून वाचून तू स्वतः इंग्रजी केलंस, तर 'अनुवाद माझा' असं पहिल्याच तळटिपेत सांगून मोकळी हो. इंग्रजीत मराठी शीर्षक रोमन अक्षरांत दे, पुढे चौकोनी कंसात अर्थ. लिप्यंतराची पद्धत एकच धर. आयएसओ १५९१९ ची खुणांची पद्धत धर किंवा साधी धर, पण 'काजळमाया'चा 'ळ' एका पानावर वेगळा आणि दुसऱ्यावर वेगळा नको.

'ळ'वरून सूचीचा क्रम. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'नंतर येतो, संगणकाच्या अक्षरसंचात तो 'ल'ला चिकटून बसलेला आहे. त्यामुळे साध्या क्रमवारीत यंत्र 'काळे' आधी आणि 'कासार' नंतर टाकतं, आपल्या हिशेबानं कासार आधी हवेत. ही चूक कुणी परीक्षकानं पकडलेली मी पाहिली नाही, पण मला खुपते. एकदा सूचीवरून डोळे फिरव.

'झोटेरो' वापरतेस हे बरं आहे, फुकट आहे आणि माझ्या कार्डांच्या खोक्यापेक्षा हलकं. पण कथा टाकताना 'पुस्तक' हा प्रकार निवडू नकोस, 'पुस्तकातला भाग' निवड, आणि संग्रहाच्या लेखकासाठी वेगळा कप्पा आहे तो भर. स्कॅन केलेल्या प्रतींत पडद्यावर दिसणारा पानाचा आकडा आणि कागदावर छापलेला आकडा वेगळे असतात. सुरुवातीची कोरी पानं, अर्पणपत्रिका, सगळं यंत्र मोजतं. छापलेलाच घे. श्राव्य पुस्तक ऐकून वाक्य उतरवू नकोस, वाचणारा स्वल्पविराम गिळतो. 'कैरी' सिनेमातल्या संवादाचं 'कैरी' कथेतलं वाक्य म्हणून अवतरण दिलेलं मी वाचलं आहे, तेव्हा तेही करू नकोस.

आणि त्या बोलक्या यंत्राला संदर्भ विचारू नकोस. मी शेजारच्या मुलाकडून गंमत म्हणून विचारून पाहिलं. लेखक खरा, संग्रह खरा, आणि त्या संग्रहात नसलेली कथा अगदी पृष्ठांसकट काढून दिली! एवढा आत्मविश्वास माझ्या एकाही विद्यार्थ्यात नव्हता.

दुसऱ्याच्या समीक्षाग्रंथातून उचललेलं अवतरण असेल तर 'अमुकमधून उद्धृत' असं लिहायला लाजू नकोस. मूळ कथा काढून वाचलीस तर उत्तमच, पण न वाचता मूळ पान ठोकलंस तर कधीतरी सापडशील. एका समीक्षकाच्या पुस्तकात एका कथेतल्या वाक्यातला एक शब्द छपाईत गळाला होता. तो गळालेला शब्द मी पुढे तीन प्रबंधांत गळालेला पाहिला, आणि तिघांनीही खाली मूळ संग्रहाचंच पान दिलं होतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनी आता दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला मुभा आहे आणि त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई. सगळी मुलं त्या आकड्याला घाबरून वाक्यं वेडीवाकडी फिरवतात. अगं, अवतरणचिन्हांत घातलेला आणि पत्ता दिलेला मजकूर त्या मोजणीतून वगळायचा असतो. कथेतलं वाक्य आपल्या शब्दांत 'फिरवून' लिहिण्यापेक्षा ते जसंच्या तसं देऊन पान लिहिणं सोपं आहे आणि लेखकाची अब्रूही राहते.

एक शेवटचं, वादाचं. 'माणदेशी माणसे' तू कथासंग्रहांत घातलं आहेस. माडगूळकरांची ती माणसं १९४९ ची, आणि त्यांना व्यक्तिचित्रं म्हणायचं की कथा, यावर माझे आणि माझ्या मार्गदर्शकांचे दोन पावसाळे गेले. घातलंस तर हरकत नाही, पण मग 'व्यक्ती आणि वल्ली' का नाही, हे विचारणारा कुणीतरी भेटेल. तळटिपेत दोन ओळी लिहून ठेव.

शनिवारी ये. चौदा, पंधरा, बावीस आणि सदतीस या तळटिपा समोर बसून करू. खिडकीजवळच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर माझी 'काजळमाया' आहे. तिचं मुद्रणपान वाळवीनं खाल्लं आहे, तेव्हा तिच्यावरून साल घेऊ नकोस. येताना तुझी प्रत आण, आणि त्यात खुणेला चहाच्या पावत्या ठेवल्या असतील त्या काढून आण.